पंधरा वॉट

"आधी उचलून बघ," मुरलीधर म्हणाला. "वाजवायचं नंतर."

अवधूतने गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरचा तो साठ वॉटचा काळा खोका हँडलला धरून उचलला आणि कमरेत कळ आल्याबरोबर खाली ठेवला. दुकानातला पोनीटेलवाला विक्रेता सहानुभूतीने हसला.

"बघ! हे धूड घेऊन तू स्टॅनमोरला येणार माझ्याकडे? एका बारशाच्या प्रोग्रॅमला? बी प्रॅक्टिकल यार."

"पण हॉलमध्ये काय?" अवधूत म्हणाला. "गणपतीला चारशे माणसं असतात. ऑक्टोपॅड, ढोलक, कीबोर्ड. त्यात हा पंधरावाला ऐकू तरी येईल का?"

विक्रेत्याने शांतपणे समजावलं. दिवाणखान्यातल्या बैठकीला पंधरा वॉट भरपूर झाले. ढोलक-बिलक आले की साठ हवेत, छोट्या अ‍ॅम्पचा तिथे जीव गुदमरतो. मात्र हॉलची स्वतःची साऊंड सिस्टिम असेल तर छोट्या अ‍ॅम्पसमोर एक माइक ठेवायचा. आवाज माइकमधून मिक्सरवर जातो, मिक्सरवरून मोठ्या स्पीकरवर. दोन्ही कामं भागतात आणि खिशालाही परवडतं.

"ऐकलंस? माइक आहे, मिक्सरवर आपला अजय आहे, मी आहे. तुला कसलं टेन्शन?"

तरी अवधूतने साठवाला लावून एक कॉर्ड छेडलीच. पायाखालची फरशी थरथरली आणि भिंतीवर टांगलेल्या गिटारीसुद्धा आपापल्या जागी बारीक झणझणल्या. दुकानातल्या दोघातिघांनी वळून पाहिलं. आपल्यामुळे कोणी वळून पाहण्याची अवधूतला सवय नव्हती. त्याने घाईघाईने आवाज कमी केला आणि पंधरावाला घेतला. सेकंडहँड साठवाला थोडाच महाग होता, पण मुरलीधरचं म्हणणं रास्त होतं आणि रास्त म्हणणं मोडण्याची धमक अवधूतमध्ये आयुष्यात कधी नव्हती. ही दोन हजार दोनमधली गोष्ट.

अवधूत टिपणीस हा कोणाच्या लक्षात राहावा असा माणूसच नव्हता. त्याची बायको वैजयंती नर्स. तिला इंग्लंडात, लंडनजवळ स्लाऊच्या बाजूला हॉस्पिटलात नोकरी मिळाली आणि तिच्या व्हिसावर हाही पुण्याची हिशेबनिसाची नोकरी सोडून आला. इथे ट्रेडिंग इस्टेटवरच्या एका गोदामात स्पेअर पार्टच्या काउंटरवर चिकटला. मागणी आली की स्क्रीनवर रॅक शोधायचा, चिठ्ठी छापायची, पुढे द्यायची. तिथे त्याला सगळे 'अ‍ॅव' म्हणत, कारण पूर्ण नाव घ्यायचा कंटाळा. तिथल्या मराठी मंडळात तर सगळी बँकवाली, सॉफ्टवेअरवाली माणसं. त्यांच्या गप्पा घरांच्या मॉर्गेजच्या आणि मुलांच्या ग्रामर स्कूल प्रवेशाच्या. अवधूत समोशाची प्लेट धरून कडेला उभा राही आणि सगळे हसले की हसे.

पण त्याला गिटार येत होती. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तो वाजवत असे, एवढंच भांडवल. मुरलीधरने मंडळाचा वाद्यवृंद काढला तेव्हा विचारलं, "अरे, तू वाजवतोस ना?" आणि त्या दिवसापासून तो 'गिटारवाला अवधूत' झाला. कोणी नवीन मंडळात आलं की त्याची ओळख तशी करून दिली जाई. हे ऐकताना त्याला किती बरं वाटायचं, हे त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं.

अ‍ॅम्प त्याने दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवला. शेजाऱ्यांच्या भिंती पातळ, म्हणून सराव हेडफोन लावून. घरात मग तारांची नुसती टिकटिक. स्वयंपाकघरातून वैजयंतीला ऐकू काहीच येत नसे, फक्त अ‍ॅम्पवरचा लाल दिवा दिसे. दिवा लागलेला असला की ती हाक मारत नसे, भाजीखालचा गॅस बारीक करून थांबत असे.

घरगुती मैफली झाल्या की गाडीत ती त्याची हजामत करायची. "दुसऱ्या गाण्यात घाई केलीस. कडव्याआधीच पुढे पळालास. कोणी मागे लागलं होतं का?" तो वाद घालायचा, ती हसायची, घर कधी यायचं ते कळायचं नाही. हॉलमधल्या कार्यक्रमानंतर मात्र ती एवढंच म्हणे, "छान झाला कार्यक्रम." तो वाट बघे. ती रस्त्याकडे बघे. दमली असेल, त्याला वाटे.

दोन हजार सहाच्या हिवाळ्यात एका शनिवारी दुपारी वैजयंती ड्यूटीवर होती आणि अवधूत रिमोटसाठी सेल शोधत होता. ड्रॉवरमध्ये पिझ्झाच्या जाहिरातींच्या तळाशी त्याला मंडळाच्या गणेशोत्सवाची डीव्हीडी सापडली. आलेली त्याला माहीतच नव्हती. 'आपण अजून पाहिली कशी नाही,' असं म्हणत त्याने ती हौसेने लावली आणि चहा घेऊन बसला.

भाषणं झाली, सत्कार झाले. मग पडदा उघडला आणि तो दिसला, डावीकडे, ठेवणीतला झब्बा, मागे अ‍ॅम्प, अ‍ॅम्पसमोर माइक. पोट जरा सुटलंय, त्याला वाटलं. पहिलं गाणं, दुसरं गाणं. गिटार ठीक वाटत होती. जरा गुळगुळीत, पण ठीक.

तिसऱ्या गाण्यात त्याची तार तुटली होती. तो प्रसंग आठवला तरी त्याचे कान गरम व्हायचे. ऐन मधल्या तुकड्यात फट्‌कन तार गेली आणि अर्धं गाणं तो स्टेजवर उकिडवा बसून केसमध्ये दुसरी तार शोधत होता. नंतर आठवडाभर त्याने भेटेल त्याची माफी मागितली. सगळे म्हणाले, अरे, आमच्या लक्षातही आलं नाही. चांगली आहेत माणसं, असं तेव्हा त्याला वाटलं होतं.

आता पडद्यावर तो प्रसंग आला. तार तुटली. तो गडबडला, खाली बसला, केस उघडून आत हात घातला. आणि गिटार वाजतच राहिली. मधला तुकडा अगदी सफाईने, एकही सूर न सांडता पार पडला. कॅमेरा उजवीकडे सरकला. तिथे कीबोर्डवर यशोधन होता. त्याची बोटं चालली होती आणि त्या बोटांबरोबर गिटार वाजत होती.

अवधूतने ते गाणं पुन्हा लावलं. मग पहिल्यापासून सगळी लावली. कुठेतरी, एखाद्या सुरात तरी आपण सापडू म्हणून कान टीव्हीला लावून बसला. स्टेजवर ज्याला त्याला आपलंच वाद्य मोठं ऐकू येतं, त्याच्या अ‍ॅम्पचं तोंड तर त्याच्याच पाठीकडे. समोर चारशे माणसांना काय ऐकू जातंय, हे कळायला तो कधी समोर बसलाच नव्हता.

पुढच्या रविवारी तो स्टॅनमोरला गेला. मुरलीधरने दार उघडलं, पाठीवर थाप मारली, त्याच्या बायकोने, सुप्रभाने, चहा आणि चकली आणली आणि ती वर निघून गेली.

"डीव्हीडी पाहिली," अवधूत म्हणाला. "माझी गिटार त्यात नाहीये."

"रेकॉर्डिंगमध्ये घोळ झाला असेल रे. अजयला विचारतो."

"तार तुटल्यावरही गिटार वाजतेय, मुरलीधर."

मुरलीधरने कप खाली ठेवला. त्याचा चेहरा उतरला, पण चोरी पकडल्यासारखा नव्हे. चांगुलपणा उघडा पडल्यावर माणूस अवघडतो, तसा.

"हे बघ, मनाला लावून घेऊ नकोस. तू लयीत किंचित मागे पडतोस. घरात चालतं, कोणी एवढं बघत नाही. हॉलमध्ये लोक तिकीट काढून येतात. यशोधनच्या कीबोर्डवर गिटारचा साऊंड आहे, फर्स्ट क्लास. म्हणून अजयला सांगितलं, अवधूतचा माइक बंद ठेव."

"कधीपासून?"

"फर्स्ट इयरपासूनच असेल."

"मग मला सांगितलं का नाहीस? मी येणं बंद केलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं! तू आमचा माणूस आहेस यार. आणि स्टेजवर गिटार दिसायला पाहिजे. पोस्टरवर बघ ना, किती मस्त दिसते."

वैजयंती म्हणते मी घाई करतो आणि हा म्हणतो मागे पडतो, एवढंच अवधूतच्या मनात आलं. मग दुकानातला तो दिवस त्याला लख्ख आठवला. छोटा घे म्हणून हा किती जीव तोडून सांगत होता! साठ वॉटचा अ‍ॅम्प माइकची वाट बघत नाही. तो हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत स्वतःच्या पायांनी जातो, त्याला बंद करायचं बटण कोणा अजयच्या हाताखाली नसतं. त्याने चहा संपवला. चकली छान झालीय, असंही वर ओरडून सुप्रभाला सांगितलं. शिष्टाचार काही सुटत नाहीत माणसाचे.

परतताना तो वाट वाकडी करून त्या दुकानात गेला. विक्रेता दुसराच होता, पण साठ वॉटचा एक खोका होता. त्याने गिटार मागून घेतली, कॉर्ड छेडली आणि भिंतीवरच्या गिटारी पुन्हा तशाच झणझणल्या.

"मोठ्या कार्यक्रमांसाठी हवाय?" विक्रेत्याने विचारलं. "हॉलमध्ये माइक असेल तर एवढ्याची गरज नाही."

"माइक असतो," अवधूत म्हणाला आणि गिटार परत केली. ज्यांना ऐकायचंच नाही त्यांच्यासाठी साठ घ्या नाहीतर सहाशे, फरक काय पडणार होता? उलट तिसऱ्या गाण्याला मुरलीधर हसतहसत म्हणाला असता, अवधूत, जरा कमी कर. आणि याने कमी केला असता. स्वतःला तो चांगला ओळखून होता, आणि त्या क्षणी त्याला स्वतःचाच सगळ्यात जास्त राग आला.

वैजयंतीला त्याने काही सांगितलं नाही. वाद्यवृंदही सोडला नाही. सोडला असता तर का सोडला ते सांगावं लागलं असतं आणि मग सगळ्यांनी मिळून त्याची समजूत काढली असती. तो छळ त्याला नको होता.

पुढच्या सप्टेंबरात गणपतीचा कार्यक्रम दुपारचा होता, नेहमीच्याच शाळेच्या हॉलमध्ये. अवधूतने ठेवणीतला झब्बा घातला. अ‍ॅम्प नेऊन डावीकडे ठेवला, वायर जोडली. अजयने येऊन समोर माइक लावला, अंगठा दाखवला. अवधूतनेही अंगठा दाखवला. आणि अ‍ॅम्पचं बटण त्याने दाबलंच नाही.

सगळा कार्यक्रम त्याने तसाच वाजवला. सोळा गाणी. जिथे मान हलवायची तिथे हलवली, मधल्या तुकड्यांना पुढे झुकला, शेवटच्या गाण्याला पाय पुढे टाकून हात वर नेला. तारांची टिकटिक फक्त त्याला ऐकू येत होती. मनात कुठेतरी आशा होती की कोणीतरी थांबवेल, म्हणेल अरे, गिटार कुठाय? यशोधनची बोटं चालू होती. लोक टाळ्या वाजवत होते. पुढच्या रांगेत वैजयंती बसली होती, दरवर्षी बसे त्याच खुर्चीवर, त्याच्याकडे बघत. टाळ्या तिनेही वाजवल्या.

"वा!" पडदा पडल्यावर मुरलीधरने त्याचे दोन्ही खांदे धरले. "आज तर कमाल केलीस. एकदम टाइट. तू मनावर घेतलंस ना, की किती फरक पडतो बघ!"

बाहेर पार्किंगमध्ये अजून ऊन होतं. एक नव्याने आलेलं जोडपं मुद्दाम थांबून त्याला म्हणालं, "काका, गिटारमुळे काय मजा आली!" त्याने हात जोडले. अ‍ॅम्प डिकीत ठेवला आणि वैजयंतीशेजारी बसला.

गाडी मोटरवेला लागली. मग ती आरशात बघत म्हणाली, "आज दिवा लागला नव्हता."

त्याने विचारलं, "तुला माहीत होतं?"

"पहिल्याच वर्षी कळलं. मी समोर बसते, अवधूत. मला ऐकू यायला नको का?"

"मग ती डीव्हीडी..."

"मीच ठेवली आत."

"बोलली का नाहीस?"

"घरून निघताना तू शीळ घालत निघायचास," ती म्हणाली. तिने लेन बदलली. "कसं बोलणार होते? दिवा दिसायचा मला तिथून. म्हटलं, वाजवतोय. आपल्याला ऐकू येत नसलं तरी वाजवतोय."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. तिच्यावर चिडावं की तिचा हात धरावा ते त्याला कळेना, आणि त्याने दोन्हीपैकी काहीच केलं नाही.

घरी आल्यावर त्याने अ‍ॅम्प आत आणला. जिन्याखालच्या कपाटात व्हॅक्यूम क्लीनर थोडा सरकवून जागा केली, अ‍ॅम्प आत ढकलला, दार लावलं. मग टीव्हीवर बातम्या लावून बसला.

वैजयंतीने पिठलं टाकायला घेतलं. फोडणी तडतडली तशी तिने सवयीने गॅस बारीक केला आणि स्वयंपाकघराच्या दारातून कोपऱ्याकडे पाहिलं. कोपरा रिकामा होता. मग तिने गॅस मोठा केला आणि त्याला जेवायला हाक मारली.