रुक्मानं मागितलेले आठ दिवस

रुक्माला मी काय काय बोलले, ते आज आठवलं तरी माझी मलाच चीड येती. जीभ माझी पयल्यापासनं तिखट, आन् बेचाळीसच्या साली तर ती नुसती सुटलीच हुती.

निपाणीजवळचं आमचं गाव. सरकारच्या तारा तोडून आमची बारा पोरं उसात दडलेली, त्यात माझा भरमू. घावली असती तर सरळ हिंडलग्याच्या तुरुंगात. आन् ऊस तर तोडणीला आलता. पोरांस्नी दोघं-दोघं करून नदीपल्याड कोल्हापूर संस्थानात न्यायची हुती. तिथं इंग्रजाचा पोलीस परवानगीबिगर येत न्हवता. वाट ठाऊक एकट्या मारुतीरावाला. त्योच आमचा पुढारी. त्येच्या शब्दावर घरोघरनं उसात भाकरी जायची. आम्ही बायका त्येला देवच मानायचो बघा.

ह्यातच रुक्माचं पोट दिसाय लागलं. नवरा मरून तिला तीन वर्सं झालेली. बाबगोंडा पाटलांनी तिला बिरोबाच्या देवळात बोलावलं. देवाचा भंडारा, म्हंजे हळद, हातात घेऊन खोटं बोलायची आमच्यात कुणाची छाती न्हाय. पाटील म्हणाले, "उचल भंडारा. सांग, कुणाचं त्ये."

"सांगते. पर आठ दिवस द्या."

"आठ दिवसांत काय नाव ठरवणार हाईस व्हय गं?" असं म्हणणारी मीच. समदी हसली.

पुढं आठ दिवस तिला आडावर कुणी घागर बुडवू दिली न्हाय. तिच्या दारात शेण कुणी टाकलं? म्याच. ती झाडून काढायची आन् आत जायची. मला वाटायचं, केवढी ही निगरगट्ट!

नवव्या दिवशी देऊळ गच्च भरलं. आदल्या दिवशी शेवटची जोडी पोचवून मारुतीराव परतलेला, पाटलांशेजारी घोंगड्यावर बसलेला. रुक्मा आली ती सरळ माझ्यासमोर उभी राहिली.

"राजाक्का, भरमू पोचला का पल्याड?"

मी गडबडले. "पोचला की. काल सांगावा आलाय."

"आन् बाकीची?"

"बाराच्या बारा पोचली. तुला काय करायचंय गं?"

ती वळली. मूठभर भंडारा उचलला आन् मारुतीरावाकडं बघून म्हणाली, "ह्येचं. पोरांच्या भाकरी न्याय आलता. मी न्हाय न्हाय म्हणत हुते, ह्येनं दाराला कडी घातली."

पाटलांनी भंडाऱ्याचं ताट त्येच्यापुढं धरलं. "उचला. खोटं हाय म्हणा."

त्येनं ताटाला हात लावला न्हाय. "तुमची पोरं कुणी वाचवली, तेवढं इसरू नका," एवढंच म्हणाला. ते खरंच हुतं, आन् त्येचाच मला लई संताप आला.

मागनं कोण तरी बोललं, "मग हिनं पयल्याच दिवशी का सांगितलं न्हाय?"

"आरं मुडद्या!" मी वरडले. "पयल्या दिवशी सांगितलं असतं तर आपण ह्येला तवाच हाकलला असता, आन् पोरं राहिली असती उसात! माझा भरमू आज हिंडलग्याला असता!"

बोलता बोलताच माझं मलाच उमगलं. मी तिच्या दारात शेण टाकत हुते, आन् ती आत बसून माझं पोर नदी वलांडायची वाट बघत हुती! केवढं काळीज म्हणायचं हे, बाई! असलं माणूस मी उभ्या जन्मात बघितलं न्हाय. माझ्या लेकीपेक्षा धाकटी ती, पर समद्यांदेखत मी तिच्या पायावर डोकं ठेवलं.

ती खाली वाकली आन् माझ्या कानात म्हणाली, "आक्का, ऊठ. मला लई भ्या वाटतंय. माझा हात धर."

मी उठले आन् तिचा हात धरून तिला तिच्या दारापातूर नेलं.