मुठीतला खड्डा

विशालने कागदाची पुडी सोडून लाकडी मूठ आईसमोर धरली. "बघ आई, कशी चमकतेय!"

ती विशालच्या वडिलांच्या, बळवंतरावांच्या, कोळशाच्या शेगडीच्या झाकणाची मूठ. ते रेल्वेत होते; साहेबाच्या बंगल्यातलं जुनं सामान रेल्वेने लिलावात काढलं, तेव्हा ही विलायती शेगडी त्यांनी डोक्यावर घेऊन घरी आणली होती. पुढे तीस वर्षं, बदली भुसावळला असो की जयपूरला, दर रविवारी तिच्यावर भरताची वांगी भाजली. झाकण उचलून उचलून मुठीत अंगठ्याएवढा खड्डा पडला. नवरा गेल्यावर विमलबाई येता-जाता त्या खड्ड्यात अंगठा ठेवायच्या. कुणी बघितलंच तर धूळ पुसत असल्याचं दाखवायच्या.

आता समोर लालभडक, गुळगुळीत मूठ होती. नव्या नवरीच्या चुड्यासारखी.

"खड्डा कुठंय?" विमलबाईंनी मूठ उलटसुलट करून बघितली. "घासून टाकलास?"

"घासला नाही, बुजवला! जुन्या जयपुरात, चारदीवारीत, लाखेच्या बांगड्या करणारे भैया आहेत ना, त्यांनी लाख भरून दिली. मतलब, एकदम नवी."

"विस्तवावरची वस्तू आहे, सांगितलंस त्यांना?"

"शोपीस आहे म्हणालो. हॉलमध्येच ठेवायचीय ना आता."

"शेगडीत मनी प्लांट लावू, आई," सून गौतमी म्हणाली.

"लावा की. शेजारी माझ्यासाठीही एक कुंडी आणा. पाणी तेवढं आठवणीनं घाला."

विशाल इंजिनियर होता. घरातला नळ गळला की तो प्लंबरला बोलवायचा, आणि प्लंबर आला की नळ कसा बसवायचा ते त्याला शिकवायचा. अशा विद्वानाला दुसरीत शाळा सोडलेल्या बाईनं काय सांगावं? विमलबाई एवढंच म्हणाल्या, की कुंडी व्हायच्या आधी शेगडीवर एक शेवटचं भरीत होऊ दे.

रविवारी जयपुरातल्या सोडाला भागातल्या त्यांच्या घराच्या गच्चीवर कोळसे फुलले. वांगी ठेवून नव्या मुठीचं झाकण लावलं, आणि विमलबाईंनी हातातल्या लाखेच्या बांगड्या काढून कठड्यावर ठेवल्या.

"बांगड्या का काढल्या, आई?" गौतमीने विचारलं.

"त्या मुठीच्या थाटापुढं फिक्या दिसतात गं."

वांग्यांचा वास सुटला. "विशाल, उचल रे झाकण."

त्याने मूठ धरली आणि ओरडला. लाख मऊ होऊन बोटांना चिकटली होती. हात ओढला तशी लाल तार लांबत आली.

"अगं, ही वितळतेय!"

"हो का? शोपीस असून?"

विमलबाईंनी फडक्याने झाकण उचलून बाजूला ठेवलं, पदरात गुंडाळलेली काच काढली आणि मऊ लाख खरवडू लागल्या. काच काही आपोआप पदरात आली नव्हती.

लाल साल निघत गेली. खालून काळसर लाकूड वर आलं, आणि शेवटी तो खड्डा. जिथल्या तिथं. विमलबाईंनी हळूच त्यात अंगठा टेकवला. या वेळी धूळ पुसायचं नाटक केलं नाही.

मग त्यांनी अळशीच्या तेलाची वाटी पुढे सरकवली. "चोळ. तुझा बाप हातोड्याच्या दांड्याला हेच चोळायचा. लाकडाला पाजावं लागतं, रंगवावं लागत नाही."

विशालने चिकट बोटांनी तेल चोळलं. चोळता चोळता खड्ड्यात स्वतःचा अंगठा ठेवून बघितला. "मला बसत नाही, आई."

"बसेल कसा? तुझा अंगठा मोबाइलवर झिजला. आता दर रविवारी वांगी तू भाजायची. तीस वर्षांनी बघू."

"मग मनी प्लांट, आई?" गौतमीने हळूच विचारलं.

विमलबाईंनी बांगड्या परत हातात चढवल्या. "त्याचं भरीत होत असेल तर आण."