कुठेही न टेकलेली खोली

जाड रबराचा ठोकळा अंगठ्याने कितीही दाबला तरी दबत नाही. पण त्याच्यावर लाकडी चौकट, प्लायवूडचे दोन थर आणि अख्खा ड्रमसेट आला, की तो एखाद्या नाण्याच्या जाडीइतका खाली बसतो. अजिबात बसला नाही तर तो आणि दगड सारखेच. पूर्ण बसला तर तो मेला. मला या दोन्हींच्या मधला हवा होता आणि तो मिळेपर्यंत मी बऱ्याच दुकानदारांची डोकी खाल्ली. "बाई, पायाखालीच जायचाय ना? मग कसाही घ्या की," त्यातला एक वैतागून म्हणाला.

माझं शिक्षण भौतिकशास्त्राचं. पंप आणि कंप्रेसर किती थरथरतात हे मोजणाऱ्या प्रयोगशाळेत मी नोकरी करते. ड्रमचा नाद त्याहून जुना. लहानपणी मी डबे बडवायची म्हणून दादाने, माझ्या थोरल्या भावाने, माझं नाव टिमकी ठेवलं. मी चाळिशी ओलांडली तरी ते तसंच आहे. इतकी वर्षं मी बहुतेक वेळ उशीवर वाजवत आले. उशीवर हात तयार होतो, पण कान होत नाही. मला एक अशी खोली हवी होती, जिथे पूर्ण ताकदीने वाजवता येईल, रेकॉर्ड करता येईल आणि माझ्यासारख्या उशीवाल्यांनाही येऊन वाजवता येईल.

'ड्रम' हा शब्द ऐकून तीन गाळेमालकांनी नकार दिला. चौथ्याकडे दादा बरोबर आला. त्याचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा धंदा आहे. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "गोडाऊन करायचंय. खोकी ठेवणार, दुसरं काय!" मालकांनी मान डोलावली. करार दादाच्या नावावर झाला.

"खोटं कशाला बोललास?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"खरं बोलून तुला गाळा मिळाला असता, तर मी हरिश्चंद्र व्हायला तयार होतो. मिळाला का तीन ठिकाणी?"

मी ठरवलं, जमिनीचं काम झालं की मालकांना खरं सांगायचं. मग ठरवलं, भिंती उभ्या राहिल्या की. मग, दरवाजा बसला की. सांगायचं आहे हे मी विसरले नव्हते. फक्त दर वेळी दुसरं काहीतरी आधी उरकायचं निघत होतं.

दरम्यान करार दादाचा असल्यामुळे गाळाही थोडा थोडा दादाचा होत गेला. मालक फोन त्याला करत. दुसरी किल्ली त्याच्याकडे. खोटं खरं वाटावं म्हणून त्याने दर्शनी भागात खोक्यांची उतरंड रचली आणि मग सोय म्हणून ती वाढवत नेली.

मागच्या भागात माझं काम चाललं होतं. खोलीच्या आत खोली. गाळ्याच्या भिंतीपासून वीतभर जागा सोडून आतली भिंत: लाकडी चौकट, तिच्यात दगडी लोकर, वर बोर्डाचे दोन थर. छत वेगळं, जमीन वेगळी, सगळं त्या रबरावर. नियम एकच होता. आतली खोली बाहेरच्या खोलीला कुठेही लागता कामा नये. हवेतून जाणारा आवाज लोकरीत अडकून मरतो. पण त्याला धरायला एक टणक वस्तू मिळाली, की तो शिडी मिळालेल्या चोरासारखा पलीकडे उतरतो. भिंतींना कान असतात म्हणतात. मला ठार बहिऱ्या भिंती हव्या होत्या.

सुतारकाम करणाऱ्या मिस्त्रींना हे पटत नव्हतं. आयुष्यभर त्यांनी कपाटं भिंतीला ठोकली होती.

"ताई, भिंतीने भिंतीला धरलं नाही तर ती भिंत कसली? पडदा झाला तो."

"मग पडदा समजा, मिस्त्री. पण चिकटवू नका."

"हलतेय बघा." त्यांनी तळव्याने चौकट ढकलली. ती किंचित डुलली आणि जागेवर आली.

"हलू दे. हलायलाच हवी."

"हलायला हवी!" मिस्त्री हातोडीशी बोलावं तसं बोलले. "घर बांधतोय की पाळणा, कळेना."

मी खडूने बाहेरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'शिवू नका' लिहिलं. शेजारचे कवळीवाले काका ते वाचून म्हणाले, "भिंत सोवळ्यात आहे वाटतं." काका कवळ्या बनवतात. त्यांच्याकडे आमच्या सामाईक भिंतीला लागून एक लांब फळी आहे आणि तिच्यावर लोकांचे दात ओळीने वाळत असतात.

शेवटचा बोर्ड बसला, दरवाज्याच्या कडांना रबरी पट्टी लागली. मी आत बसून पहिल्यांदा पूर्ण हात सोडून वाजवलं. छान वाटलं. मग काकांकडे गेले.

"काही ऐकू आलं?"

"ऐकू फारसं नाही आलं," काका म्हणाले. "पण दात वाजले."

"कुणाचे?"

"सगळ्यांचे! तू ढम केलंस की माझ्या सगळ्या कवळ्या एकदम कटकट करतात. तोंडाशिवाय आपोआप चावणारे दात मी आजवर पाहिले नव्हते." मग ते जरा ओशाळले. "रागावू नकोस पोरी. मागच्या आठवड्यात, तू थोडंसं वाजवून बघितलंस ना, तेव्हाही झालं होतं. मालकांचा फोन आला त्यात बोलून गेलो मी. गोडाऊनमध्ये ढमढम कसली, असं विचारत होते."

मालक नव्या कराराच्या निमित्ताने शनिवारी यायचेच होते. आता ते गाळा बघूनही जाणार होते. करार वाढला नाही तर ही खोली मला उचलून नेता येणार नव्हती. ती मोडावी लागली असती.

मी घरी जाऊन सगळी गणितं पुन्हा केली. ती बरोबर होती. म्हणजे चूक कागदावर नव्हती, भिंतीत होती. शनिवारी सकाळी मी स्टेथोस्कोप घेऊन गेले. मिस्त्रींना ड्रमसेटमागे स्टुलावर बसवलं, त्यांचा पाय मोठ्या ड्रमच्या पेडलवर ठेवला आणि सांगितलं, "एकसारखं दाबत राहा. थांबू नका."

"मला येत नाही हो."

"शिवणयंत्र चालवल्यासारखं करा."

दार लावून मी बाहेर आले आणि काकांच्या गाळ्यात फळीखाली वाकून भिंत ऐकू लागले. भिंत मुकी होती. हात सरकवत गेले. मुकी. मुकी. मग एका जागी कानात स्पष्ट ठोका आला, जणू भिंतीच्या त्या तुकड्यात कुणी राहत होतं. हातभर पुढे तसाच दुसरा, मग आणखी दोन. काका दातांना हाताने धरून उभे होते.

परत आले तर मिस्त्री घामाघूम होऊन दारात उभे. "सापडलं का, ताई?"

काय शोधतेय हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

मिस्त्रींनी मान खाली घातली. मग स्वतःच पाना घेतला आणि आतले दोन बोर्ड उतरवले. लोकरीमागे चार लोखंडी पट्ट्या होत्या. चांगल्या बोटभर रुंद, एक टोक माझ्या चौकटीला, दुसरं बाहेरच्या भिंतीला, प्रत्येकीला नेमके दोन बोल्ट. काम नेहमीसारखंच सुबक होतं.

"दादा म्हणाले. म्हणाले, आत माझी बहीण बसणार, भिंत अंगावर आली तर? आधार द्या तिला. आणि..." ते थांबले.

"आणि काय?"

"तिला सांगू नका, म्हणाले. ती ऐकायची नाही."

मला एकाच वेळी हसू आणि संताप आला. मी म्हटलं, "कापा." मिस्त्रींनी ग्राइंडर उचलला. चारही पट्ट्या मधोमध कापून, दोन्हीकडची टोकं काढून झाली. चौकट डुलली आणि जागेवर आली. मी लोकर भरली, बोर्ड त्यांनी चढवले, फटी बुजवल्या. मग मी आत बसले आणि हात दुखेपर्यंत वाजवलं. मनात दादाला जे बोलत होते ते सगळं वाजवलं. बाहेर येऊन काकांचं दार ठोठावलं.

"हां, हां, कर सुरू," काका म्हणाले. "मी दात धरून बसलोय."

"झालं वाजवून."

काकांनी हातातल्या कवळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "चल! चेष्टा करतेस म्हाताऱ्याची."

मी त्यांना गाळ्यात आणून दरवाजा उघडून दाखवला. मिस्त्री आत बसून स्वतःहून पेडल बडवत होते. दार लावलं, आवाज गेला. उघडलं, आला. काकांनी ते दार लहान मुलासारखं चार वेळा उघडझाप केलं.

एवढ्यात दादा आला, बगलेत फाइल आणि कपाळावर आठ्या. खाली पडलेल्या पट्ट्या त्याने पाहिल्या.

"का कापल्या?"

"तू का ठोकल्यास?"

"भिंत हलत होती, टिमके! उद्या अंगावर पडली असती म्हणजे? चांगलं लोखंड लावून दिलं, तर हिला तेही खुपतं."

"त्या आधारावरूनच आवाज पलीकडे जात होता."

"वा! भिंतीला आधार नको, बाईंना आधार नको." तो मिस्त्रींकडे वळला. "आता माझ्या पायाखालीही रबर लावा, म्हणजे मी हिला कुठे टेकायला नको."

मिस्त्रींनी हसू मिशीत दाबलं. मी हसले नाही. "दादा, निदान विचारायचं होतंस. खोली माझी आहे."

"खोली तुझी, पण गाळा कुणाच्या नावावर आहे?" तो बोलून गेला. मग आवाज उतरवला. "बरं, ते राहू दे. मालक निघालेत. खोकी या दारापुढे लावू, दार दिसायला नको. तू गप्प बस. मी बोलतो."

त्याने आणि मिस्त्रींनी खोकी लावायला घेतली. माझ्या दारापुढे एकावर एक. मी मदत केली नाही, पण अडवलंही नाही. ही माझी नेहमीची जागा होती: ना हो, ना नाही. भाऊ वाईट नाही. भिंत माझ्यावर पडेल म्हणून त्याला खरोखर भीती वाटली असणार. त्या भीतीला त्याने बोल्ट मारले, एवढंच.

मालक आले. वयस्क, शांत, स्वच्छ चपलांचे गृहस्थ. त्यांनी खोकी पाहिली, वर छताकडे पाहिलं.

"माल बराच आहे."

"देवाच्या दयेने," दादा म्हणाला.

"ते ढमढमचं काय होतं पण?"

"ढमढम?" दादाने इतकं निरागस तोंड केलं की मलाच क्षणभर शंका आली. "खोकी पडली असतील हो. रिकामं खोकं मोठा आवाज करतं."

मालकांनी शेजारी डोकावून विचारलं, "काय हो, अजून होतो का त्रास?"

काका दारात आले. माझ्याकडे बघून त्यांनी डोळे मिचकावले. "छे! आता चिटपाखरू नाही. तेव्हा माझेच कान वाजले असतील."

"मग प्रश्नच मिटला," मालक म्हणाले आणि दादाने फाइल उघडली.

खरंच मिटला होता. इतका पूर्ण, की मला धडकी भरली. खोली माझ्या गणिताप्रमाणे निघाली होती. इथे मी जन्मभर वाजवलं असतं आणि कुणालाही कळलं नसतं. उशीवाले खोक्यांमागून आत शिरले असते, खोक्यांमागून बाहेर पडले असते. दादा दर वर्षी माझ्यासाठी खोटं बोलला असता आणि दर वर्षी त्याने एक पट्टी जास्त ठोकली असती. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मी ही खोली बांधली होती. मीच आत गडप व्हावं म्हणून नव्हे.

मालकांनी पेन काढलं. "नाव तेच ना?"

"तेच, तेच," दादा म्हणाला.

मी सर्वांत वरचं खोकं उचलून खाली ठेवलं. मग दुसरं. ती रिकामी होती, हलकी होती. दादा दातांवर दात ठेवून म्हणाला, "टिमके, काय चाललंय? आता नको." मी तिसरं उचललं. दरवाजाची कड दिसू लागली, मग कडी. मालक पेन हातात धरून बघत होते.

"हे काय आहे?" त्यांनी दादाला विचारलं.

दादाने तोंड उघडलं.

"त्याला नका विचारू, मला विचारा," मी म्हटलं. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला आणि मी तो कमी केला नाही. "हे गोडाऊन नाही. पहिल्या दिवसापासून नव्हतं. मी इथे ड्रम वाजवते, मोठ्याने, आणि यापुढे दुसरेही येऊन वाजवतील. आत या, दार लावून वाजवते, मग शेजारी जाऊन ऐका. आणि नवा करार करायचा असेल तर तो माझ्या नावावर करा. माझ्या एकटीच्या."