केतूच्या जागची सुपारी

मी सुपारी बोलतेय. अडकित्त्याने कातरून पानात घालतात ती नव्हे. मी पूजेची, अख्खी, गोटीएवढी. माझा जन्म कुठल्याशा समुद्राकाठच्या बागेतला, पण ती बाग मला आठवत नाही. मला समज आली ती फैजपूरच्या एका किराणा दुकानातल्या बरणीत. तिथून मी धुरपदाबाईंच्या घरी आले आणि माझं सगळं आयुष्य त्याच घरात गेलं.

साल दोन हजार सहा. धुरपदाबाईंचे मालक तोतारामभाऊ केळीचे बागाईतदार. माणूस रांगडा, पण त्या वर्षी त्यांनी अंथरूण धरलं. जळगावच्या डॉक्टरांची औषधं चालू होती, तरी बाईंच्या जिवाला चैन नव्हतं. श्रावणात त्यांनी नवग्रहांची शांत करवली. पाटावर कापड, त्यावर तांदळाच्या नऊ राशी, प्रत्येक राशीवर एक सुपारी. गुरुजींनी मंत्र म्हणून एकेकीत एकेक ग्रह बसवला. मधोमध रवी बसला. मला वायव्येच्या कोपऱ्यातली शेवटची, नववी जागा मिळाली, केतूची. सुपारीच्या जन्माला याहून मोठा मान नाही. तोतारामभाऊंना उशीला टेकवून बसवलं होतं आणि बाईंनी त्यांच्या हाताला हात लावला होता.

पूजा आटोपली. नदीत सोडायला सगळ्या सुपाऱ्या कापडात बांधल्या, त्या गडबडीत मी घरंगळले आणि धान्याच्या कोठीखाली जाऊन बसले. कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

गणपती अगदी तोंडावर आले होते. बाई घर झाडत होत्या, तर केरासोबत मी बाहेर आले. मला उचलून त्या निरखतात तोच त्यांची नात मोनाली शाळेतून पळत आली. चौथीत होती तेव्हा.

“आजी, नवातला शेवटचा ग्रह काढून टाकला. आता आठच.”

“कोनी काढला वं?”

“शास्त्रज्ञांनी. हात वर करून मतं घेतली. प्लूटो नाव त्याचं. तो म्हणे खरा ग्रहच नाही.”

गावात त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. मास्तरांनी पोरांना पुस्तकातल्या नावावर काट मारायला लावली. सलूनमध्ये केळीच्या व्यापाऱ्यांची थट्टा चालायची, की आता घडातली एक फणी कमी धरा. पारावरच्या एका म्हाताऱ्याला मात्र खरंच राग आला होता. “तो वर फिरू रायला आपल्या वाटनं, अन् हे खाली बसून त्याचं नाव कापतात?” असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा. मोनाली तर रडली. वर्गात सगळ्यांत लहानखुरी ती, म्हणून तिला प्लूटो आवडायचा.

हसणारे हसले, रडणारे रडले आणि आठवड्यात विसरलेही. धुरपदाबाई मात्र मला मुठीत धरून कोठीपाशीच बसून राहिल्या. नववा ग्रह म्हणजे केतू, हे त्यांना पाठ होतं. प्लूटो हे त्याचंच इंग्रजी नाव असणार, असं त्यांनी धरलं. तो ग्रहच नव्हता, म्हणून तर त्याचीच ही सुपारी पाटावरून निघून गेली. मग आपण पूजा कोणाची केली? आजारी माणसाला बसवून, भलत्यालाच देव म्हणून हात जोडले?

पितृपक्षात तोतारामभाऊ गेले.

बाईंनी मला फेकलं नाही, देवातही ठेवलं नाही. त्यांचा कुंकवाचा करंडा आता रिकामा होता. त्यात मला घालून झाकण लावलं. कधीमधी त्या ते उघडायच्या, माझ्याकडे बघायच्या, पुन्हा लावायच्या. कोणाला काही विचारलं नाही, कारण विचारायचं तर आधी सांगावं लागलं असतं. इतक्या वर्षांत मला त्यांची फार कीव आली. घरातल्या कुठल्याही पूजेला त्या पुढे झाल्या नाहीत. लोक म्हणायचे, विधवा बाई, रीत पाळते.

यंदा मोनालीचं लग्न निघालं. आदल्या दिवशी घरात ग्रहशांत मांडली आणि आजी मागच्या खोलीत जाऊन बसल्या. हळदीच्या अंगाने मोनाली मागोमाग आली.

“आजी, तू समोर बसल्याशिवाय मी पाटावर बसणार नाही. विधवा-बिधवा असलं काही आपल्या घरात चालायचं नाही.”

“त्याचं नाही वं माय. माह्या हातानं ग्रहाईची पूजा बिघडते.” मग त्यांनी करंडा उघडून मला दाखवलं आणि सगळं सांगितलं. “मीच मारलं त्यायले,” असं म्हणून त्या थांबल्या.

मोनालीने आजींचे दोन्ही हात धरले आणि एकेक बोट मिटवत गेली. “तूच म्हण. रवी, चंद्र, मंगळ, बुध...”

“गुरू, शुक्र, शनी, राहू, केतू,” आजींनी पुरं केलं.

“यात प्लूटो कुठाय? तो दुर्बिणीतून सापडलेला, अगदी अलीकडचा. पूजेत तो कधी नव्हताच. तुझा केतू कोणी काढला नाही, आजी. तुझी पूजा पुरी होती. आजोबा दुखण्यानं गेले.”

आजी आपल्या मिटलेल्या बोटांकडे बघत राहिल्या. मग पदर तोंडाला लावून रडल्या. तोतारामभाऊ गेले तेव्हाही त्या अशा रडल्या नव्हत्या. मोनाली म्हणाली, “बातमी मीच आणली होती ना घरात.” आजींनी तिच्या तोंडावर हात ठेवला.

आजी पूजेला येऊन बसल्या, अगदी पुढे. त्यांच्या हातात मला पाहून गुरुजी म्हणाले, “हिचं विसर्जन तेवढं राहिलंय. आजच्यांबरोबर जाऊ द्या.”

तर आता मी तांदळात, कापडाच्या मोकळ्या गाठोड्यात आहे. थोड्या वेळात तापीत जाईन. जाण्याआधी तुम्हाला एक विनवते. जगातली बातमी घरी न्याल तेव्हा हसा, रडा, पण कोपऱ्यात कोणी ती ऐकून गप्प झालंय का, तेवढं बघा.

गाठ मारायला आजीच आल्या. त्यांनी मला अंगठ्याने पुसलं.

“जाय माय,” त्या म्हणाल्या. “तुझा काही दोस नव्हता.”

मलाही त्यांना इतकी वर्षं तेच सांगायचं होतं.