शर्मीच्या आईचा फोन

ऐक. मधे काही विचारू नकोस, चहा गार झाला तर होऊ दे, तू नुसतं ऐक.

शिरोड्याचे अप्पा मास्तर, त्यांच्या दोन मुली. मोठी शर्मिष्ठा, धाकटी गौरजा. दोघी दत्तक. हे गावाला ठाऊक, त्यांनाही ठाऊक, लपवाछपवी काही नाही. त्यांच्या आईला सगळा गाव अक्का म्हणतो म्हणून या पोरीही अक्काच म्हणतात. तर अक्का सगळ्यांना कौतुकाने सांगायची, "दोघींकाय कोल्हापुरासून हाडलंय, एकाच संस्थेतसून. फोंडाघाट उतरताना दोघीय एकाच वळणार अप्पांच्या पॅन्टीर ओकल्यात. सख्ख्यो बहिणी आणि काय येगळ्यो असतत?"

आता जन्माची आई शोधायचं खूळ होतं ते गौरजाचं. एकटीचं! शर्मीला त्याचं काहीच नव्हतं. तिचं आपलं बालवाडीत शिकवणं, केसांना खोबरेल आणि दुपारची झोप. केस म्हणजे काय सांगू, गुडघ्याला लागतात. आणि गौरजाचे कुरळे, कंगवा मोडतो.

गौरजा बसते तिठ्यावरच्या ई-सेवा केंद्रात. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, सगळे फॉर्म तीच भरते. म्हाताऱ्यांकडे मोबाईल नसतो, असला तर बंद, म्हणून ही नंबराच्या रकान्यात सरळ स्वतःचा नंबर ठोकते. अर्ध्या शिरोड्याचे ओटीपी हिच्या फोनवर. बँकेतून कुणी विचारलं, "रुक्मिणीबाई बोलताय का?" की ही म्हणणार, "हो, बोला." सवयच ती.

अठरा वर्षं पूर्ण झाली की पुढे कधीही आपली जुनी कागदपत्रं मागायचा अर्ज करता येतो, हे तिने कुठेतरी वाचलं. स्वतःचा भरला आणि एकटीनं जायचं धाडस नाही म्हणून शर्मीचाही भरला. नंबर? दोन्हीवर स्वतःचा. हात तसाच चालला तिचा, मुद्दाम नाही. हे लक्षात ठेव, मुद्दाम नाही.

दोघी कोल्हापूरला जाऊन आल्या, आधार कार्ड दाखवलं, सह्या केल्या. दोन महिन्यांनी दोन पाकिटं आली. अप्पांनी ओटीवर बसून मोठ्यानं वाचली. शर्मीच्यात होतं, सदर बालिका जैविक मातेने स्वेच्छेने संस्थेस समर्पित केली, मातेची संमती मिळाल्यास पुढील माहिती कळवू. आणि गौरजाच्यात दोन ओळी. सदर बालिका परित्यक्त स्वरूपात आढळली. पालकांबाबत माहिती उपलब्ध नाही.

"परित्यक्त म्हणजे?" गौरजानं विचारलं.

अप्पा पडले मराठीचे मास्तर. घाबरले की व्याकरणात शिरतात. चष्मा पुसत म्हणाले, "परि अधिक त्यक्त. त्यक्त म्हणजे टाकलेलं. आणि परि म्हणजे सर्व बाजूंनी, पूर्णपणे..."

"अवो, गप रवा जरा!" अक्का आतून ओरडली.

पण ऐकायचं ते पोरीनं ऐकलं होतं. एक समर्पित, देवाला वाहिल्यासारखी. आणि ही पूर्णपणे, सर्व बाजूंनी. आणि शर्मी काय म्हणाली माहितीय? "माका काय नको हां तां. माजी आई हयच आसा." आणि गेली कपडे वाळत घालायला! गौरजाच्या अंगाचा नुसता तिळपापड. हिला मिळतंय तर हिला नको. भरल्या ताटावरून उठते आणि वर ढेकर देते!

मग एके दिवशी केंद्रात ऐन गर्दीत फोन वाजला. एक बाई, शुद्ध बोलणारी. "शर्मिष्ठा बोलतेय का?"

"हो, बोला," गौरजा म्हणाली. समोर रेशनकार्डाचा फॉर्म, एक आजोबा अंगठा पुढे करून उभे. सवयीनं गेलं गं ते तोंडातून.

"संस्थेतून बोलतेय. तुमच्या आईंनी संमती दिलीय. विजयदुर्गला असतात. त्यांना आधी फोनवर बोलायचंय. देऊ ना हा नंबर?"

आता इथे. इथे तिला म्हणता आलं असतं की थांबा हां, मी बहीण. जीभ टाळूपर्यंत गेलीसुद्धा. आणि तिला दिसली शर्मी, दुपारची पाय पसरून झोपलेली, वेणी खाली लोंबतेय. गौरजा म्हणाली, "द्या."

दुसऱ्या दिवशी बरोबर चारला फोन. पलीकडे वारा नि कुणाच्यातरी चपलांचा आवाज. "मी यशोदा बोलतंय," बाई म्हणाली. मग म्हणाली, "जेवलंस काय गो बाये?"

पंचवीस वर्षांनी आई भेटते आणि विचारते काय, तर जेवलीस का! गौरजा केंद्राच्या मागे माडाखाली जाऊन रडली. दुसऱ्याच्या आईच्या फोनवर.

मग रोज चारला. यशोदा काजूच्या कारखान्यातून सुटायची आणि घरी चालत जाता जाता बोलायची. गौरजानं एकेक विचारून घेतलं. केस? "माजे ढोपरापर्यंत होते, आता झडले." झोप? "दुपारी माका कुंभकर्णच म्हणतत." म्हणजे बघ, शर्मीच्या अंगावरची प्रत्येक गोष्ट कुठून आली त्याचा पत्ता लागत होता. नाक मामाचं, हसणं आजीचं. आणि घोव कोण, तर गणपत म्हणून, देवमाणूस. लग्नाआधीच बाईनं त्याला सगळं सांगितलेलं. दोन मुलगे. म्हणजे शर्मीला भाऊपण! फुकटात! रात्री जेवताना गौरजा शर्मीच्या नाकाकडे बघत बसायची.

"काय गो, माज्या नाकार माशी बसली हा काय?" शर्मी विचारायची.

"बसली तर उडवशील काय? तुका उठायचा कंटाळो!"

हळूहळू गौरजा विचारायचं सोडून स्वतःचं सांगायला लागली. गणितात दोनदा नापास झाले, विंचवाला भिते, सोलकढी मला आवडत नाही. तर यशोदा रस्त्यातच थांबली म्हणे. "माकाय आवडणा नाय गो! घरात सगळे माका हसतत!" त्या दिवशी गौरजा हवेतच. आणि शर्मी? शर्मी वाडगेच्या वाडगे पिते सोलकढी! तेव्हा गौरजाला वाटायला लागलं की संस्थेत पाकिटंच बदलली असणार. खरंच वाटायला लागलं तिला. माणूस किती लांब जातं बघ.

अठराव्या दिवशी, रविवारी, सकाळीच फोन. यशोदाच्या आवाजात घाई. "आंगवण केललंय मी. चेडू सुखरूप गावला तर देवासमोर नारळ ठेवन म्हणान. आज गाऱ्हाणां घालतो हत. फोन धरून ऱ्हव, तुकाय ऐकूक व्हया."

गाऱ्हाणं तुला माहितीच आहे. एकजण देवाला सांगतो आणि बाकीचे व्हय म्हाराजा म्हणतात. गणपतनं फोन घेतला. मोठा भारदस्त आवाज. "पोरी, नाव तुज्या तोंडान सांग. इतकी वर्सां हिणां निनावी गाऱ्हाणां घातल्यान. आज नाव देवाक तूच सांग. देवासमोर दुसऱ्याचा तोंड चलाचा नाय."

दुसऱ्याचं तोंड! जिची रोजी-रोटी दुसऱ्याच्या नावानं हो म्हणायची, तिला हा माणूस हे सांगतोय. बँकेला सांगितलं असतं तिनं, साहेबाला सांगितलं असतं. पण देवाला खोटं नाव? आणि शर्मिष्ठा म्हटलं तर ते सगळं जाणार शर्मिष्ठालाच. हिच्या वाट्याला त्यातलं व्हय म्हाराजासुद्धा नाही. गौरजा म्हटलं तर तिकडे गौरजाला ओळखतं कोण?

ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. शर्मी सुंगटं सोलत बसली होती, हात बरबटलेले. हिनं फोन तिच्या कानाला लावला. "तुजां नाव सांग."

"कोण गो? गॅसवालो?"

"सांग गो तू!"

"शर्मिष्ठा," शर्मी म्हणाली. "बोला, काय झाला?"

आणि तिकडून सुरू झालं. "बा देवा म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "आज पंचवीस वर्सांमागे जां लेकरू ह्या माउलेन परक्याच्या ओटीत घातल्यान..." "व्हय म्हाराजा!" "तां शर्मिष्ठा नावाचा लेकरू तुज्या कृपेन गावला हा..." शर्मी ऐकत राहिली. कोलंबीचं एक साल तिच्या बोटाला चिकटलेलं, तेवढं हलत होतं. "जी काय इडापिडा असात ती भायर टाक आणि तेका सुखात ठेव म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!"

संपल्यावर शर्मी फोनमध्ये एवढंच म्हणाली, "मी मगे फोन करतंय." आणि गौरजाकडे वळली. "किती दिवस?"

"अठरा."

"रोज?"

"रविवारी दोनदा."

शर्मीनं मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, गौरजाच म्हणते. तिनं हात धुतले आणि अक्काला सांगितलं. अक्का गौरजाला काय काय बोलली ते मी तुला सांगत नाही. पुढच्या शनिवारी अप्पा, अक्का आणि शर्मी विजयदुर्गला गेले. गौरजा घरी.

दिवसभर ती आत-बाहेर करत होती. आता मिठी मारली असेल, आता भावांनी पायाला हात लावला असेल. संध्याकाळी गाडी आली, तर शर्मीचं तोंड एवढंसं.

"भेटली?" गौरजानं विचारलंच.

"भेटली. रडली. माज्या केसांतसून हात फिरवल्यान." शर्मी पायरीवरच बसली. "सगळा बरा केल्यान. पण पयला काय म्हणाली सांगू? 'आवाज तुजो न्हय.' मगे मी सगळा सांगितलंय. तरी जेवताना सारखी माका विचारी, इंचवाक अजून भितंस काय गो? आणि माशाची कढी होती, वडे होते, सोलकढी नाय. तुका आवडणा नाय म्हणान केल्यान नाय, असा म्हणता आणि जीभ चावता. पंचवीस वर्सांनी आई गावली, गौरे, आणि तिणां जेवाण तुज्या आवडीचा केल्यान."

गौरजाला काय वाटायला हवं होतं? लाज, हो ना? वाटलीही. पण तिनं शर्मीच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला ते तोंड ओळखीचं वाटलं. पाकिटं आल्यापासून आरशात तेच बघत होती ती. नको-नको म्हणणारी शर्मी जळत होती, तिच्यावर! आणि खरं सांगते, गौरजाला आतून गोड वाटलं. वाईट आहे, पण वाटलं.

सोमवारी दोघी ओटीवर बसलेल्या. केंद्राला सुट्टी होती. चार वाजले आणि गौरजाचा फोन वाजला. गौरजाचा. शर्मीचा नंबर यशोदानं शनिवारी लिहून घेतला होता, तरी.

शर्मी म्हणाली, "नाव माजा घेवन उचललंस ना, तर बघ हां."

"नाय घेणा."

"मगे कोण म्हणान उचलतलंस? ती तुजी कोण?"

फोन वाजत होता. शर्मी फोनकडे बघेना, गौरजाकडे बघेना, समोरच्या गड्ग्याच्या दगडी भिंतीकडे बघत होती. पुढे म्हणाली, "तिका सांग, शर्मीक फोन कर. येवढाच सांग आणि ठेव."

गौरजानं उचलला. "मी गौरजा," म्हणाली.

"कळला गो," यशोदा म्हणाली. चपलांचा आवाज थांबला. "तुका राग इलो काय, शनवारी इलंस नाय ती? जेवलंस काय गो?"

गौरजानं सांगायला तोंड उघडलं, शर्मीक फोन कर म्हणून. आणि म्हणाली, "जेवलंय. तू?"

शर्मी उठली आणि आत गेली. त्या रात्रीपासून ती अक्काच्या खोलीत झोपते. तीन आठवडे झाले. एका ताटलीतून दोघी पेज जेवायच्या गं, आता मीठ मागायचं तरी अक्काला मधे घालतात. आणि चारचा फोन रोज येतो आणि गौरजा रोज उचलते.

आता बोल. तू असतीस तर काय केलं असतंस?