निवेदन नसलेला माहितीपट

निरुपमा खुर्च्यांमधून वाट काढत प्रोजेक्टरपाशी आली आणि तिथेच थबकली. पडदा काळा पडला होता. केबल सैल होऊन चित्र गेलं होतं, आवाज मात्र चालू होता. आणि दत्तात्रेय सर पडद्याकडे तोंड करून मान डोलवत होते.

पुस्तकं नोंदवायला ती दहा मिनिटं बाहेर गेली होती. तिने केबल घट्ट बसवली. चित्र परत आलं. सरांची मान त्याच लयीत डोलत राहिली.

"छान चित्रण आहे," फिल्म संपल्यावर ते म्हणाले. "ही घेऊ. चालो, पुढची लाव."

मांजलपूरच्या त्या शाळेच्या ग्रंथालयासाठी पाच माहितीपट निवडायचे होते. जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या सरांना ग्रंथपाल निरुपमानेच हट्टाने समितीत घेतलं होतं. आठवीत ती त्यांच्या वर्गात होती. नागरवाड्याहून ते रिक्षाने यायचे, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, वेळेच्या आधी. आतापर्यंत चार फिल्म ठरल्या होत्या. चारही, तिच्या आत्ता ध्यानात आलं, भरपूर निवेदन असलेल्या.

पुढची विश्वामित्री नदीतल्या मगरींवरची होती. तिच्यात एकही शब्द नव्हता. नुसतं पाणी, पक्षी, पुलावरच्या गाड्या. निरुपमाने ती आधी एकटीने पाहिली होती आणि तिच्या मनात हीच भरली होती.

"यात काही नाहीच," सर तुटकपणे म्हणाले. "नको ही."

त्यांची बोटं शर्टाच्या बटणाशी चाळा करत होती.

प्राचार्यांच्या कानावर घातलं असतं तर गोष्ट दोन मिनिटांत मिटली असती. निरुपमा खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली.

"सर, सूक्ष्मदर्शकात काय दिसतं ते तुम्ही आम्हाला मोठ्याने बोलायला लावायचात. तसं बोलू? चुकलं तर सांगा."

सरांनी बटण सोडलं. तिने फिल्म पुन्हा सुरू केली.

"मादी काठावर आलीय. पायाने माती उकरतेय... आता जबडा उघडला. पिल्लू तोंडात घेतलं."

"तोंडात कुठे? नीट बघ."

"खालच्या जबड्यात, खोलगट भागात."

"हं. पुढे?"

"पाण्यात सोडतेय एकेक. सात पिल्लं."

"घाईने मोजू नकोस."

तिने चित्र थांबवून पुन्हा मोजलं.

"आठ. एक आईच्या डोक्यावर चढून बसलंय."

"डोक्यावर!" सर खांदे हलेपर्यंत हसले. "निरू, ही पोरांना दाखवायलाच हवी गं."

तिने निवडीचा कागद त्यांच्यासमोर ठेवला. सरांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि हात तसाच हवेत धरून थांबले.

"सही कुठे करायची," ते हलकेच म्हणाले, "तेवढं बोट धरून दाखव."