गालभर पाणी

माझ्या बाबांचा आवाज म्हणजे काय विचारता! बस चालवायचे ते, आणि डेपोतले लोक म्हणायचे, यांच्या गाडीला हॉर्न बसवलाय कशाला? रस्त्यात कुणी आडवं आलं की खिडकीतून डोकं काढून असा उद्धार करायचे की मागच्या सीटवरच्या बायका कानांत बोटं घालायच्या. आणि असा माणूस मुलांचा बेसबॉल कोच! तोही फुकट, ड्यूटी संपली की गणवेशातच मैदानावर हजर.

मैदान डेपोच्या मागे होतं. बेस म्हणून आम्ही बसच्या टाकून दिलेल्या सीटा मांडायचो, हिरव्या रेक्झिनच्या. घसरत गेलं की तापलेलं रेक्झिन मांडीला चटका द्यायचं. त्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. आजही एखाद्या बसमध्ये तशी जुनी सीट दिसली की मी मुद्दाम तिच्यावरच जाऊन बसते. हसा, हसा.

तर हा गडगडाट मैदानावर आला की मुका व्हायचा. अंपायरने उलटा निर्णय दिला, कुणी हातातला झेल सोडला, की बाबा बाटली उघडायचे, गालभर पाणी घ्यायचे आणि तसंच धरून ठेवायचे. गिळायचं नाही, थुंकायचं नाही, राग उतरेपर्यंत. गाल टम्म, डोळे लाल, पण तोंडातून चकार शब्द नाही. आम्ही पोरं खदाखदा हसायचो.

"बाबा, हे काय खूळ?" मी एकदा विचारलं.

"टिल्ले, शिव्या द्यायला मला बस आहे की. इथे लेकरं खेळायला येतात."

टिल्ली म्हणजे मी. टीममध्ये सगळ्यांत बुटकी, पण धावायला वारा.

एका वर्षी फायनलला मी शेवटच्या सीटवरून सुटले आणि रन पुरी करायला होम प्लेटवर घसरले. कॅचरचा चेंडू धरलेला हात मला लागायच्या आत माझा पाय पोचला होता. मला ठाऊक, त्या कॅचरलाही ठाऊक. अंपायर म्हणाला, आऊट. आम्ही हरलो. मी धुळीतूनच बाबांकडे पाहिलं. तोंड उघडा ना! एकदाच, माझ्यासाठी! बाबांचे गाल फुगलेले होते.

घरी जाताना मी विचारलं, "मी सेफ होते की नाही, तेवढं सांगा."

"अंपायर म्हणाला ते खरं."

बस्स, एवढंच. दुसऱ्या कुणाची मुलगी असती तरी ते हेच म्हणाले असते, हे मला कळत होतं, आणि राग त्याचाच होता. मी काय दुसऱ्या कुणाची मुलगी होते?

आता त्याच मैदानावर मी कोच आहे. दिवसभर लॉन्ड्रीत लोकांच्या शर्टांच्या कॉलरींशी झटापट करते, आणि संध्याकाळी ही पोरं. सीटांच्या जागी विकतचे पांढरे बेस आले, आणि बेसबॉल संघटनेची आचारसंहिताही आली. मुलांवर ओरडू नये, अंपायरशी हुज्जत घालू नये, स्वतःच्या मुलाला वेगळं वागवू नये. सही करताना मला हसूच आलं. आमच्या घरी हे सगळं एका बाटलीत मावत होतं.

पण खाण तशी माती! आवाज मी बाबांचाच घेतलाय. मागच्या महिन्यात एका अंपायरला भर मैदानात विचारून बसले, "डोळे घरी विसरलात का?" ताकीद मिळाली. पुन्हा तोंड सुटलं तर टीम काढून घेणार. ही पोरं गेली तर माझ्याकडे उरेल काय, कॉलरी?

परवा फायनल होती. बाबा काठी टेकत आले आणि पहिल्या रांगेत बसले. हल्ली ते फारसं बोलत नाहीत. पाणी हवं असलं तरी बोटानेच दाखवतात.

शेवटची इनिंग. आम्ही एका रनने मागे, आणि तिसऱ्या बेसवर माझी लेक. तिला सगळे शिडी म्हणतात, उंची बापाची घेतलीय. फटका बसला, शिडी सुटली, होम प्लेटवर घसरली, धुरळा उडाला. पाय आधी पोचला. मी या डोळ्यांनी पाहिला.

अंपायर म्हणाला, आऊट. खेळ संपला.

शिडीने धुळीत बसूनच माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला पाठ आहे. जिभेच्या टोकावर सगळं येऊन उभं राहिलं, आणि माझा हात बाटलीकडे गेला. गालभर पाणी घेतलं. अगं बाई, काय जड असतं ते पाणी! आणि आम्ही त्या माणसाला हसायचो.

तेवढ्यात मागून गडगडाट झाला.

"सेफ होती! आंधळा आहेस का रे? सेफ होती माझी पोर! टिल्ली सेफ होती!"

बाबा उभे होते. काठी खाली पडलेली.

"मी तिथेच उभा होतो! पाहिलं होतं मी!"

"आजोबा, बसा बघू," अंपायर चाचरत म्हणाला. करणार काय? आचारसंहिता कोचला असते, आणि बाबांनी कोचिंग सोडून जमाना झाला.

शिडी धूळ झटकत माझ्यापाशी आली. "आई, मी सेफ होते ना?"

मी जोरजोरात मान डोलावली. मान डोलावू नये असं त्या कागदात कुठेही लिहिलेलं नाही.

मग मी बाबांजवळ गेले, काठी उचलून त्यांच्या हातात दिली आणि त्यांना खाली बसवलं. गाल टम्म, डोळ्यांतून धारा, आणि बोलायची सोय नाही. बाबांनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग बोटाने माझा फुगलेला गाल हळूच टोचला.

"गीळ आता ते, टिल्ले," ते म्हणाले. "माझं बोलून झालं."